मंगळाचा बर्फ: आधी कक्षेतून नीट मोजा, मग खोदा

उत्तरायण (धागाकर्ता)

मंगळावर पुढे काय पाठवायचं हा विषय निघाला की बोलणं लगेच रोव्हर, ड्रिल आणि माणूस यांच्यावर जातं. ध्रुवांवरून वर्षानुवर्षं घिरट्या घालणाऱ्या यानाची बाजू घेणारं फारसं कोणी दिसत नाही, म्हणून हा धागा काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे. मंगळाचं हवामान समजून घ्यायचं असेल तर पुढच्या मोहिमांमध्ये पहिला मान ध्रुवीय कक्षेतल्या यानाचा. उतरणं, खोदणं, नमुने आणणं हे त्यानंतर.

मंगळाची हवा विरळ, आणि तिच्यात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात अंधारात गेलेल्या ध्रुवावर तापमान उणे १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतं आणि ही हवाच गोठून जमिनीवर बसते. थोडीथोडकी नव्हे, ग्रहाच्या एकूण हवेपैकी साधारण पाव हिस्सा! वसंतात ऊन आलं की ती पुन्हा उडून जाते. १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या दाबमापकांवर हा चढउतार स्वच्छ दिसला होता. पण दाबावरून हवा किती गेली एवढंच कळतं. ती कुठे बसली, किती जाड बसली, हे कळत नाही. ते सांगितलं मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या लेझर उंचीमापकाने. ध्रुवाजवळ हा हंगामी थर दीड-दोन मीटरपर्यंत चढतो आणि उतरतो, हे त्याने सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून मोजलं.

हंगामी थराखाली कायमचा साठा आहे, तो मुख्यतः पाण्याच्या बर्फाचा. मार्स एक्सप्रेसवरच्या मार्सिस रडारने २००७ मध्ये दक्षिण ध्रुवाचा हिशोब दिला: जाडी जास्तीत जास्त ३.७ किलोमीटर, आकारमान सुमारे १६ लाख घनकिलोमीटर. हे सगळं वितळून ग्रहभर पसरलं तर ११ मीटर खोल पाणी होईल. मग २०११ मध्ये मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरच्या शरॅड रडारने त्याच दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाच्या टोपीत गाडलेला कार्बन डायऑक्साइडचा बर्फ शोधला. तेव्हाच्या अंदाजाने हा साठा आज हवेत आहे त्याच्या ८० टक्के इतका. म्हणजे मंगळाच्या अक्षाचा कल वाढला आणि ध्रुवावर ऊन जास्त पडू लागलं, तर हवेचा दाब दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. ज्या ग्रहाचं वातावरण असं जमिनीत जाऊन बसतं आणि परत येतं, त्याचं हवामान एका जागी उभं राहून कसं कळणार?

आता काळजीचा भाग. कक्षेतल्या यानांपैकी ओडिसी २००१ मध्ये निघालं, मार्स एक्सप्रेस २००३ मध्ये, रिकनिसन्स ऑर्बिटर २००५ मध्ये. सगळी ठरलेल्या आयुष्याच्या कितीतरी पुढे येऊन काम करत आली आहेत. ग्लोबल सर्व्हेयर २००६ मध्येच गप्प झालं. बर्फाचा नकाशा काढण्यासाठी आखलेल्या आंतरराष्ट्रीय आइस मॅपर मोहिमेतून नासाने २०२२ मध्ये हात काढून घेतला. १९९९ पासून धूळ, तापमान आणि ढग यांची जी सलग नोंद जमली आहे ती तुटली, तर नंतर कितीही पैसे ओतून मधली वर्षं भरून काढता येणार नाहीत. ग्रह झाकून टाकणारी धुळीची वादळं या काळात तीनच झाली: २००१, २००७ आणि २०१८. ती कधी आणि का उठतात याचा नियम अजून हाती लागलेला नाही. तीन घटनांवरून नियम बांधायचा, आणि चौथीच्या वेळी वर कोणीच नाही, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

असहमत असाल तर जरूर लिहा, पण मुद्द्याला धरून.

खोदकाम

धाग्याबद्दल आभार. पण असहमत, आणि चांगलाच असहमत.

तुम्ही दिलेले सगळे आकडे जाडी, लांबी, आकारमानाचे आहेत. हवामानाचा इतिहास आकारमानातून कळत नाही. पृथ्वीचे आठ लाख वर्षांचे हवामान आपल्याला कसे कळले? अंटार्क्टिकात डोम सी येथे तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यातून. त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, ज्वालामुखीची राख, धूळ, ऑक्सिजनचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे अणू), हे सगळे हातात घेऊन मोजले गेले. कुठल्याही उपग्रहाने ते केले नसते.

शरॅडला बर्फात साधारण दहा मीटरचा फरक ओळखता येतो. मार्सिस त्याहून कितीतरी ढोबळ. रिकनिसन्स ऑर्बिटरवरच्या हायराइज कॅमेऱ्याला उघड्या कड्यांवर याहून बारीक थर दिसतात, ते मान्य. पण त्या थरांचे वय काय? उत्तर टोपी ४०-५० लाख वर्षांहून जुनी नसावी असे म्हणतात, तेसुद्धा अक्षाच्या कलाच्या गणितावरून. थर मोजायचे, कलाच्या आवर्तनांशी त्यांची जोडी जुळवायची, आणि जुळले की खूश व्हायचे. वहीची पाने बाहेरून मोजली म्हणजे मजकूर वाचला असे होत नाही.

फिनिक्सचे उदाहरण घ्या. ओडिसीने २००२ मध्ये सांगितले की उत्तरेकडच्या मातीत वरच्या मीटरभरात हायड्रोजन भरपूर आहे, म्हणजे बर्फ असणार. असणार! फिनिक्स मे २००८ मध्ये ६८ अंश उत्तरेला उतरले आणि त्याने चर खणला. चराच्या तळाशी फाशाएवढे पांढरे खडे होते. चार दिवसांनी त्याच जागेचा फोटो घेतला तर खडे नाहीसे. मीठ असते तर राहिले असते. बर्फ होता, उडून गेला. त्या दोन फोटोंनी प्रश्न संपवला. आणि त्याच मातीत पर्क्लोरेट (पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणारे क्षार) सापडले, ज्याची चाहूल कक्षेतून कोणालाही लागली नव्हती. मंगळावर पाणी कुठे द्रव राहू शकते हा सगळा विचार त्या एका शोधाने बदलला.

दहा परिभ्रमक यानांपेक्षा ध्रुवावर एक चांगले ड्रिल बरे.

उत्तरायण

खोदकाम, फिनिक्स नेमकं तिथेच का उतरलं? ओडिसीने तो पट्टा दाखवला म्हणून. आणि उतरण्याच्या जागेत मोठमोठ्या शिळा पसरलेल्या नाहीत ना, हे हायराइजच्या फोटोंवरून तपासलं होतं म्हणून. या तपासणीमुळे पहिली पसंतीची जागा बदलावी लागली.

फिनिक्सचा शेवट कसा कळला तेही सांगा. नोव्हेंबर २००८ मध्ये ऊन कमी झालं आणि यान बंद पडलं. पुढचा ध्रुवीय हिवाळा त्याने कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाखाली काढला. २०१० मध्ये वरून काढलेल्या फोटोत त्याच्या सौर पंखांची सावली बदललेली दिसली; बर्फाच्या भाराने पंख मोडला असावा असा निष्कर्ष निघाला. ध्रुवावर काहीही ठेवायचं असेल तर हा भार किती, कुठे आणि कधी येतो हे आधी माहीत हवं. ते वरूनच कळतं.

आणि दक्षिण ध्रुवाजवळ उतरण्याचा प्रयत्न झालेला आहे. मार्स पोलर लँडर, ३ डिसेंबर १९९९. पाय उघडताना बसलेला हिसका म्हणजे जमीन लागली, असं संगणकाला वाटलं आणि बहुधा इंजिनं हवेतच बंद झाली. एक बिंदू, एक संधी, एक चूक.

अर्थात कक्षेतल्या यानांनाही अपयश चुकलेलं नाही. मंगळाच्या हवेचे उभे छेद घेणारं उपकरण मार्स ऑब्झर्व्हरसोबत १९९३ मध्ये हरवलं. त्याचीच दुसरी प्रत मार्स क्लायमेट ऑर्बिटरसोबत सप्टेंबर १९९९ मध्ये गेली, एककांच्या घोळापायी. तिसऱ्या वेळी, नव्या आणि हलक्या रूपात, ते रिकनिसन्स ऑर्बिटरवर पोचलं आणि २००६ पासून धूळ, बाष्प आणि तापमान उंचीनुसार मोजत आलं. दोन यानं गेल्यावरही ज्या लोकांनी ते तिसऱ्यांदा बांधलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जमिनीवरून हे मोजमाप होत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

साशंक

कक्षेतून पाहून ठाम बोलण्याचा धोका किती, याचा नमुना २०१८ सालचा आहे. त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं नवल वाटलं.

मार्सिसच्या नोंदींवरून जाहीर झालं की दक्षिण टोपीखाली दीड किलोमीटरवर, सुमारे २० किलोमीटर रुंदीचं द्रव पाणी आहे. आधार काय, तर बर्फाच्या तळाकडून आलेला प्रतिध्वनी पृष्ठभागाच्या प्रतिध्वनीपेक्षा तेजस्वी होता. तिथलं तापमान अंदाजे उणे ६८ अंश. मग म्हणाले खारट असेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने गणित मांडलं की नुसतं मीठ पुरणार नाही, खालून ज्वालामुखीची उष्णताही लागेल. २०२० मध्ये आणखी तीन डबकी. २०२१ मध्ये एका गटाने दाखवलं की थंड चिकणमातीही असाच प्रतिध्वनी देऊ शकते. कोणी म्हणालं ज्वालामुखीचा खडक, कोणी म्हणालं थरांमधल्या परावर्तनांची आपसातली बेरीज. आणि अशा चमकदार जागा दक्षिण टोपीखाली डझनावारी निघाल्या, त्याही इतक्या थंड भागांत की तिथे पाणी द्रव राहणं अशक्य.

तोवर शाळेच्या पुस्तकांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे ‘मंगळावर तळं’ पोचलं होतं. रडारचा प्रतिध्वनी म्हणजे पदार्थ नव्हे. हे मी विज्ञानाविरुद्ध बोलत नाही. आपण कशाला पुरावा म्हणतो, त्याबद्दल बोलतो आहे.

हवापाणी

साशंक यांच्या शेवटच्या दोन वाक्यांशी शंभर टक्के सहमत.

ध्रुवपताका

साशंक, गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. तो वाद ज्या दिशेला गेला तो खणून गेला नाही, कक्षेतूनच गेला. आणि कसा गेला ते बघण्यासारखं आहे.

अडचण अशी होती की मार्सिसला दिसणारा तेजस्वी ठिपका शरॅडला त्या जागी दिसतच नव्हता. शरॅडची वारंवारता जास्त, १५ ते २५ मेगाहर्ट्‌झ. मार्सिसची त्याच्या खाली. जास्त वारंवारतेची लहर बर्फात लवकर विरते. शिवाय शरॅडचा अँटेना यानाच्या पाठीकडे बसवलेला आहे, कारण जमिनीकडची चांगली जागा कॅमेऱ्यांना दिलेली. त्यामुळे यानाचं धडच रडारच्या आड येतं. नेहमीच्या निरीक्षणात यान २८ अंशांपर्यंत कुशीवर वळायचं, तेवढ्याने थोडा फायदा व्हायचा. मग चमूने ठरवलं की यान १२० अंश वळवायचं, जवळजवळ पाठीवर. एवढं वळल्यावर सौर पंख सूर्यापासून फिरतात, मुख्य अँटेना पृथ्वीपासून फिरतो, तेवढा वेळ यानाने बॅटरीवर जगायचं. रचना करताना कोणाच्या स्वप्नातही नसलेली कसरत, आणि तीसुद्धा वीस वर्षांच्या म्हाताऱ्या यानाकडून.

मे २०२५ मध्ये त्या ‘तळ्या’वरून जाताना हे केलं. पहिल्यांदाच तळाचा प्रतिध्वनी हाती आला, आणि तो क्षीण निघाला. द्रव पाणी असतं तर तो जोरकस यायला हवा होता. शेजारच्या मार्गावरून पाहिलं तर काहीच नाही. म्हणजे बहुधा तिथे एखादा सपाट, गुळगुळीत भाग आहे, कदाचित जुना लाव्हा. मार्सिसच्या गटाला हे पटलंच आहे असं नाही, वाद पुरता मिटलेला नाही. पण पारडं झुकलं ते दुसऱ्या वारंवारतेने, दुसऱ्या कोनातून, त्याच जागी पुन्हा पाहिल्यामुळे.

माझ्या मते हे धागाकर्त्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण आहे. उतरलेलं यान आपली चूक दुसऱ्या ठिकाणी जाऊन तपासू शकत नाही. कक्षेतलं यान पुन्हापुन्हा येतं.

जुनाजाणता

एक साधा प्रश्न. मंगळाची दक्षिण टोपी वर्षागणिक झिजते आहे हे याच यानांनी सांगितलं ना? तिथे कारखाने नाहीत, गाड्या नाहीत. मग तिथेही तापतंय आणि इथेही तापतंय, तर कारण सूर्य हेच असणार. या निष्कर्षाला तुम्ही मंडळी का घाबरता?

हवापाणी

जुनाजाणता, घाबरण्याचा प्रश्न नाही. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. सविस्तर सांगतो, कारण हा मुद्दा दर वेळी निघतो.

दक्षिण ध्रुवावर उन्हाळ्यातही टिकणारा कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा पातळ थर आहे, काही मीटर जाडीचा. त्यात गोल, सपाट तळाचे खड्डे आहेत. ग्लोबल सर्व्हेयरच्या कॅमेऱ्याने एकाच जागेचे मंगळाच्या एका वर्षाच्या अंतराने फोटो घेतले, तेव्हा या खड्ड्यांच्या भिंती वर्षात तीनेक मीटर मागे सरकलेल्या दिसल्या. ही नोंद २००१ सालची. भिंती सरकतात यात शंका नाही.

पण खड्ड्याची भिंत सरकली म्हणजे ग्रह तापला असे होत नाही. भिंतीला तिरपे ऊन लागते, ती झिजते. वरच्या सपाट भागावर हिवाळ्यात नवा थर बसतो. उत्पन्न आणि खर्च दोन्ही बघितल्याशिवाय शिल्लक ठरत नाही, आणि हे गणित कोणत्या बाजूला झुकते यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे. धूळ कुठे बसली यावरही पुष्कळ अवलंबून. गडद धूळ उडाली की खालचा उजळ भाग ऊन परतवतो, धूळ बसली की उलट. २००७ मध्ये एका अभ्यासात पृष्ठभागाच्या उजळपणातील बदलांवरून मंगळ १९७० आणि १९९० च्या दशकांदरम्यान सुमारे ०.६५ अंशांनी तापला असावा असे मांडले होते. त्यातसुद्धा कारण धूळ आणि वारा हेच दिले होते, सूर्य नव्हे.

सूर्याचे म्हणाल, तर त्याचे तेज १९७८ पासून उपग्रहांनी थेट मोजले आहे. ११ वर्षांचे चक्र स्पष्ट दिसते, पण पृथ्वीच्या तापमानवाढीला जोडता येईल असा चढ त्यात नाही. आणि मंगळाची कक्षा इतकी लंबगोल आहे की सूर्याजवळ असताना त्याला दूर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊन मिळते. दर वर्षी एवढा झोका खाणाऱ्या ग्रहावरचे काही खड्डे घेऊन सूर्याच्या तेजातला सूक्ष्म बदल सिद्ध करायचा, हे टिकणार नाही.

मात्र हा गैरसमज पसरला तो नोंद अपुरी असताना, हे लक्षात घ्या. दोन फोटोंवरून कल ठरवला की असे होते. मंगळाची दहा-बारा वर्षे सलग पाहिली तर कल आणि झोका वेगळे करता येतात. मंगळाचे एक वर्ष म्हणजे आपले ६८७ दिवस, तेव्हा हे काम एका पिढीचे आहे.

आधी_पृथ्वी

हे सगळं वाचताना मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं. इथे आपल्याच ग्रहाचा बर्फ जातोय, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या मोहिमांमध्येही खंड पडलेत. बर्फाची उंची लेझरने मोजणारा आइससॅट २००९ मध्ये थांबला, दुसरा २०१८ मध्ये गेला. मधली नऊ वर्षं विमानं उडवून कशीबशी सांधली. गुरुत्वाकर्षणावरून बर्फाचं वजन करणारे ग्रेस उपग्रह २०१७ मध्ये संपले, पुढची जोडी मे २०१८ मध्ये गेली.

तज्ज्ञ माणसं तीच, रडार बांधणारे हात तेच. ग्रीनलँडच्या किनाऱ्यावरचा बर्फ दर वर्षी मोजला गेला नाही तर त्याची किंमत किनाऱ्यावर राहणारी माणसं मोजतील. मंगळाचा बर्फ लाखो वर्षं तिथेच आहे. तो आणखी पन्नास वर्षं थांबेल. मला मंगळाचं वैर नाही, पण क्रम लावायचाच असेल तर तो असा लावा.

उत्तरायण

आधी_पृथ्वी, तुमची अस्वस्थता रास्त आहे, आणि तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं मी माझ्या वहीत उतरवून घेतली. खंड पडला की काय होतं ते त्यातून दिसतं. पृथ्वीवर निदान विमानं होती. मंगळावर तो पर्याय नाही.

पण ‘तो बर्फ थांबेल’ हे मान्य नाही. कायमचा थर थांबेल. हंगाम थांबत नाहीत, वादळं थांबत नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये हायराइज उत्तर टोपीच्या कडेला हिवाळ्यातला तुषार कसा ओसरतो ते टिपत होता. सातशे मीटरहून उंच, ६० अंशांपेक्षा तीव्र उताराचा तो कडा. एकाच फोटोत कड्यावरून बर्फ आणि धूळ कोसळताना सापडली, पायथ्याशी ढग उसळलेले, एक नव्हे, चार ठिकाणी. तोवर आपण ध्रुव म्हणजे निपचित समजत होतो. आता दर वसंतात तिथे कोसळणं होतं हे ठाऊक आहे. न बघितलेलं वर्ष ते गेलंच.

शिवाय पृथ्वी आणि मंगळ एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. १९७१ मध्ये मरिनर ९ पोचलं तेव्हा मंगळ पूर्ण धुळीत बुडाला होता. हवेतल्या धुळीने वरचा थर तापतो आणि जमीन थंडावते, हे तिथे उघड दिसलं. त्याच विचारातून पुढे १९८३ मध्ये अणुयुद्धानंतरच्या हिवाळ्याचं गणित मांडलं गेलं. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी काही जण मंगळाच्या धुळीवरच काम केलेले होते. समुद्र नाही, जंगल नाही, माणूस नाही, अशा ग्रहावर आपली हवामानाची समीकरणं चालतात का हे तपासण्याची दुसरी जागा आपल्याकडे नाही.

वसाहतवाला

ध्रुवांवर एवढी शाई कशाला? माणूस ध्रुवावर उतरणार नाही. दहा-बारा महिन्यांचा अंधार कोण सोसणार. त्याला पाणी हवं मध्य अक्षांशांवर, ऊन आणि बर्फ दोन्ही मिळतील तिथे. २०१८ मध्ये हायराइजने ५५ ते ५८ अंशांच्या पट्ट्यात आठ कडे दाखवले, शंभर मीटरपर्यंत जाड, जवळजवळ शुद्ध बर्फाचे, मीटर-दोन मीटर मातीखाली. २४ डिसेंबर २०२१ ला एक उल्का ३५ अंश उत्तरेला आदळली, दीडशे मीटरचं विवर पडलं आणि आजूबाजूला बर्फाचे गोटे उडाले. इतक्या खालच्या अक्षांशावर! यान पाठवायचंच तर त्या पट्ट्याचा नकाशा काढायला पाठवा.

ध्रुवपताका

वसाहतवाला, तो पट्टा आणि ध्रुव ही एकच गोष्ट आहे. मंगळाला मोठा चंद्र नाही, त्यामुळे त्याच्या अक्षाचा कल स्थिर राहत नाही. आज २५ अंश आहे, गेल्या काही लाख वर्षांत तो १५ ते ३५ अंशांदरम्यान झुलला. कल वाढला की ध्रुवावरचा बर्फ उडून खालच्या अक्षांशांवर पडतो, कमी झाला की परततो. तुमचे आठ कडे हा ध्रुवाचाच बाहेर राहिलेला माल. २०१६ मध्ये शरॅडच्या छेदांवरून दाखवलं गेलं की सुमारे ३ लाख ७० हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ओसरल्यापासून ध्रुवांवर सुमारे ८७ हजार घनकिलोमीटर बर्फ परत जमला आहे, बहुतेक उत्तरेला.

पण तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. हायड्रोजन ओळखणाऱ्या ओडिसीच्या न्यूट्रॉन मोजणीला वरचा मीटरभर दिसतो. शरॅडला पहिल्या पंधरा-वीस मीटरांतलं काही सुटं दिसत नाही, पृष्ठभागाचा स्वतःचा प्रतिध्वनी त्यावर पसरतो. म्हणजे मधली पट्टी, एक मीटर ते वीस मीटर, जवळजवळ आंधळी. माणसाचं ड्रिल नेमकं तिथेच पोचणार. आइस मॅपरचं काम हेच होतं. आणि हो, शरॅड वाहणाऱ्या रिकनिसन्स ऑर्बिटरची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ९३ अंशांची असल्यामुळे ते बरोबर ध्रुवावरून कधी जातच नाही. शरॅडच्या नकाशात दोन्ही ध्रुवांभोवती तीनशे किलोमीटर व्यासाचं कोरं वर्तुळ आहे. वीस वर्षं ‘ध्रुवाचा अभ्यास’ म्हणतोय आपण, आणि खुद्द ध्रुव कोरा!

उत्तरायण

ही आंधळी पट्टी आणि हे कोरं वर्तुळ, एवढ्या दोन गोष्टींसाठी तरी नवीन यान हवं. वेगळ्या वारंवारतेचं रडार आणि नेमकी ९० अंशांची कक्षा. मधल्या अक्षांशांचा नकाशा त्याच फेऱ्यांत आपोआप निघतो, वसाहतवाला यांना वेगळं यान मागायची गरज नाही.

खोदकाम

सगळे प्रतिसाद वाचले. आंधळ्या पट्टीचा मुद्दा मला माहीत होता, पण त्याचे वजन मी कमी धरले होते असे कोणी समजू नये. उलट तो माझ्याच बाजूचा आहे. एक ते वीस मीटर हे ड्रिलचे अंतर आहे. तिथे रडार नेऊन नकाशा काढाल, आणि मग पुन्हा ‘असणार’ म्हणाल.

एक गोष्ट स्पष्ट करतो. दोन किलोमीटर खोल छिद्र पाडा असे मी म्हणत नाही. उत्तर टोपीत सर्पिल दऱ्या आहेत, ध्रुवावरून खाली घसरणाऱ्या थंड वाऱ्यांनी घडवलेल्या. त्यांच्या भिंतींवर थर उघडे आहेत. एखादे यान अशा दरीच्या उतारावरून पायरी पायरीने खाली नेले आणि प्रत्येक ठिकाणी मीटरभर ड्रिल केले, तरी शेकडो मीटरांचा इतिहास हाती येतो. धुळीचे प्रमाण, मीठ, आणि पाण्यातल्या जड हायड्रोजनचे गुणोत्तर थराथराला मोजता येईल. जड हायड्रोजन महत्त्वाचा, कारण हलका अवकाशात निसटतो आणि जड मागे राहतो. किती पाणी कायमचे गेले त्याचा पुरावा तिथे आहे. हे गुणोत्तर आजच्या हवेतल्या बाष्पासाठी कक्षेतून मोजले आहे. गाडलेल्या बर्फासाठी कोणीही मोजलेले नाही आणि वरून मोजता येणारही नाही.

कोणती दरी निवडायची हे शरॅडच्या छेदांवरून ठरेल, तेवढे मी धागाकर्त्याला देतो. कोणता थर कुठे उघडा पडतो ते त्यात दिसते. पण ते छेद आज हातात आहेत. प्रत्येक ध्रुवावरच्या दोन हजारांहून जास्त फेऱ्या जुळवून त्यांची त्रिमितीय चित्रे २०१७ मध्येच तयार झाली. आणखी एक यान, आणखी एक नकाशा, मग उतरू, असे म्हणत राहिलो तर उतरण्याचा दिवस कधीच येत नाही. फिनिक्सनंतर ध्रुवीय प्रदेशात एकही यान उतरलेले नाही.

माझी मागणी एवढीच: पुढचे यान कक्षेत जाणार असेल, तर त्याच्यासोबतच उतरणाऱ्या यानाची मंजुरी घ्या. नंतर नाही.

उत्तरायण

सोबत मंजुरी मला चालेल. पण दोघांपैकी एकालाच पैसे मिळाले तर माझं मत वरच्याला.

खोदकाम

आणि माझे खालच्याला.